बाराची तोफ आणि नीसमधलं घर

हॉटेल घ्यायचं की घर, यावर आम्हाला फार विचार करावा लागला नाही. आई ७२ वर्षांची. गुडघे दुखतात, अंडंही न खाणारी शाकाहारी, आणि दुपारी जेवून अर्धा तास पाठ टेकली नाही तर संध्याकाळी तिच्यात काही उरत नाही. त्यामुळे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसला जायचं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट शोधत होते: भर गावात, जिथून दुपारी चालत घरी येऊन जेवता येईल असं, स्वयंपाकघर असलेलं छोटं घर. समुद्र खिडकीतून दिसला नाही तरी चालेल, पण दहा मिनिटांत पायी गाठता आला पाहिजे.

बाबा आले नाहीत. ऑक्टोबर म्हणजे कोकणात भातकापणीचे दिवस, त्यात शेत सोडून ते कुठे जाणार? म्हणून आम्ही दोघीच निघालो. आईने हातातलं घड्याळ शेवटपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं. "घरी आत्ता काय चाललंय ते कळतं," म्हणाली.

रविवार

नीसचा विमानतळ समुद्रात भराव घालून बांधलेला आहे. उतरताना खिडकीतून नुसतं पाणीच दिसत राहतं, आणि धावपट्टी अगदी शेवटच्या क्षणी येते. आईने माझा हात घट्ट धरला होता. बाहेर पडल्यावर टर्मिनलच्या दारातच ट्राम मिळते. दोन नंबरची ही ट्राम गावाच्या मधल्या भागात भुयारातून जाते. जाँ मेदसँ या स्टेशनावर लिफ्टने वर आलो, आणि तिथून बॅगा ओढत सात-आठ मिनिटांत मासेना चौकामागच्या आमच्या गल्लीत पोचलो.

घराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण असं घर घेणाऱ्यांना हेच उपयोगी पडेल. इमारत जुनी, पिवळसर रंगाची. खालच्या दाराला कुलूप नाही, आकडे दाबायची पाटी; ते आकडे घरमालकीणबाईंनी आधीच कळवले होते. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' असं लिहिलेलं होतं आणि लिफ्ट होतीही, पण ती सुरू होते पाच पायऱ्या चढून गेल्यावर. आत दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग मावेल एवढीच. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते, म्हणून असं होतं. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांनी 'लिफ्टपर्यंत किती पायऱ्या' हे स्पष्ट विचारून घ्यावं. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. आई पहिल्यांदा अंधारात सापडली तेव्हा भिंत धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून बटणं कुठे आहेत ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत झालं होतं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जमिनीला षटकोनी लाल फरश्या, चालून चालून मधोमध झिजलेल्या. आईने चपला काढल्या आणि अनवाणी फिरून आली. "आमच्या हर्णैच्या घरी कोबा होता, तो असाच गार लागायचा." खिडक्यांना हिरवट लाकडी झडपा होत्या. त्यांचा खालचा छोटा भाग वेगळा उचलून बाहेर ढकलता येतो, म्हणजे ऊन आत येत नाही, वारा येतो, आणि खुर्चीत बसल्या बसल्या खालची गल्ली दिसते. नीसच्या बऱ्याच जुन्या घरांना अशाच झडपा आहेत. आईची खुर्ची सहा दिवस त्या झडपेपाशीच होती.

रविवारी दुपारनंतर दुकानं बंद होतात हे मी वाचलं होतं, म्हणून डाळ, तांदूळ आणि मेतकूट बरोबर होतं. तूप मात्र नेता येत नाही. दूधदुभत्याचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. त्या रात्री तुपाशिवाय मेतकूट-भात खाल्ला आणि झोपलो. आंघोळीचं सांगायचं तर गरम पाण्याची टाकी एका माणसाला पुरेल एवढीच होती. नंतर आम्ही एक सकाळी आणि एक रात्री असा नेम ठेवला.

सोमवार

सकाळी आईला 'बाँजूर' शिकवलं. या गावात दुकानात शिरताना आधी हे म्हणायचं, मग काय हवं ते. न म्हणता थेट मागायला सुरुवात केली तर दुकानदाराचा चेहरा उतरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. आईला हे मनापासून पटलं. बेकरीत तिने अगदी स्पष्ट 'बाँजूर, मादाम' म्हटलं आणि पाव घेतला, तिथे 'त्रादिस्याँ' म्हणतात तो लांब, कडक सालीचा, सव्वा-दीड युरोचा. हा पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचा, अंडं नसतं, त्यामुळे आईला निर्धास्त खाता येतो. क्रोआसाँवर अंड्याचा हात फिरवलेला असतो.

सुपरमार्केटातून बिनमिठाचं लोणी, दूध, कांदे-बटाटे आणले. घरी आल्या आल्या आईने लोणी कढवायला घेतलं. आपलं हिंडालियमचं छोटं पातेलं इंडक्शनच्या शेगडीवर तापेना, म्हणून घरातलंच जाड बुडाचं भांडं घेतलं. पंधरा मिनिटांत त्या परक्या स्वयंपाकघरात साजूक तुपाचा वास भरला आणि ते घर आमचं झालं.

मग जुन्या गावात, कूर सालेयाला गेलो. हा लांबट चौक रोज फुलांच्या आणि भाजीच्या बाजारासाठी ओळखला जातो, पण सोमवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. चांदीचे चमचे, लेस लावलेली टेबलावरची कापडं, काचेची झुंबरं, तांब्याची भांडी. आई रमली ती जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यापाशी. एका कार्डावर नदीच्या कोरड्या पात्रात ओळीने बसून कपडे धुणाऱ्या बायका होत्या, आणि मागे दगडगोट्यांवर चादरी वाळत पडलेल्या. ही पायाँ नदी. आता ती दिसत नाही, गावाच्या मध्यात तिच्यावर छत घालून टप्प्याटप्प्याने रस्ते, चौक आणि बाग केली आहे. म्हणजे आदल्या दिवशी आम्ही बॅगा ओढत आलो ती नदीच्या जवळपास वरूनच. आईने कार्ड घेतलं. इतिहासाची शिक्षिका होती ती, राजांच्या चित्रांपेक्षा अशी चित्रं वर्गात जास्त चालतात असं तिचं नेहमीचं म्हणणं.

घरी परतलो आणि दारापाशी माझ्या लक्षात आलं की किल्ली आतच राहिली आहे. फ्रान्समधली ही दारं ओढून घेतली की बाहेरून उघडत नाहीत, कुलूप लावलं नसलं तरी. मी सकाळी निघताना दार ओढलं होतं आणि किल्ली टेबलावर होती. मालकीणबाईंना फोन केला. दुसरी किल्ली त्यांच्या मैत्रिणीकडे, आणि मैत्रीण कामावर. दीड-दोन तास लागणार होते. मला आईच्या गुडघ्यांची काळजी. ती जिन्याच्या पायरीवर बसली, पिशवीतला पाव काढला, तोडून अर्धा मला दिला.

तेवढ्यात धडाड्‌ असा आवाज झाला. खिडक्यांची तावदानं हादरली. आई दचकून उठली, मीही. पण जिन्यातून खाली उतरणारे एक आजोबा नुसते हसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "मिदी." बारा वाजले. आईने आपलं घड्याळ पाहिलं. साडेतीन. "बाबांचा चहा झाला असेल," ती म्हणाली.

किल्ली आली. ज्या बाई ती घेऊन आल्या त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यानंतर किल्ली गोफात ओवून माझ्या गळ्यात राहिली.

त्या रात्री कोजागरी होती. घर गावाच्या मध्यात हवं असं का वाटत होतं, हे मला त्या रात्री कळलं. आईने दूध आटवलं. केशर, वेलची, जायफळ, बदामाचे काप, सगळं घरून आणलेलं. थर्मासात भरून आम्ही रात्री साडेदहाला निघालो. मासेना चौकातल्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर उंच खांबांवर सात बसलेले पुतळे आहेत. जाउमे प्लेन्सा या स्पॅनिश शिल्पकाराचं हे काम, सात खंडांचे सात जण एकमेकांशी बोलताहेत अशी कल्पना. रात्री ते आतून उजळतात आणि सावकाश रंग बदलतात. ट्राम या चौकातून जाते, पण वर तारा नाहीत. तेवढं अंतर ती बॅटरीवर कापते, त्यामुळे आभाळ मोकळं राहतं. त्या मोकळ्या आभाळात चंद्र.

समुद्रावरचा रस्ता म्हणजे प्रोमनाद देझांग्ले, इंग्रजांचा फेरफटक्याचा रस्ता. थंडी टाळायला इथे येऊन राहणाऱ्या इंग्रजांनी १८२० च्या दशकात वर्गणी काढून, कामाविना हाल होत असलेल्या गरिबांना मजुरी देऊन समुद्रकाठची ही वाट करवून घेतली, तिचंच नाव पुढे टिकलं. आता ती सुमारे ७ किलोमीटर लांब आहे. ओळीने निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, कुणीही बसावं, पैसे नाहीत. आम्ही दोन खुर्च्या धरल्या. हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे मध्यरात्रीचा चंद्र बरोबर पाण्यावर येतो. आईने थर्मासाच्या झाकणात दूध ओतलं आणि झाकण हलवत हलवत त्यात चंद्र आणला. "बघ," म्हणाली. मी वाकून पाहिलं. लहानपणी हर्णैच्या अंगणात आजी अशीच दाखवायची.

शेजारच्या खुर्च्यांवर एक तरुण जोडपं होतं. आईने खुणेनेच विचारलं, आणि कागदी पेल्यांत त्यांनाही दूध दिलं. मुलीने केशराचा वास घेतला आणि 'साफ्राँ?' असं विचारलं. आई म्हणाली, "हो, केशर." साडेअकरा-बाराला घरी परतलो. वाटेत माणसं होती, दिवे होते, कुठे भीती वाटली नाही. गावाबाहेर राहिलो असतो तर हे दूध घरातच प्यावं लागलं असतं.

मंगळवार

आज कूर सालेयाला खरा बाजार. एका टोकाला फुलं, पुढे भाजी, फळं, ऑलिव्ह, मसाले. आई एका गाड्यापाशी थांबली. तिथे फुलं होती पिवळीजर्द, भोपळ्याच्या फुलांसारखी. ही कुर्जेतची, म्हणजे झुकिनीची फुलं, इथे त्यांचे पिठात बुडवून तळलेले वडे करतात. पण बाहेरच्या पिठात अंडं असू शकतं. आईने एक फूल हातात घेऊन बोटाने आतला दांडा हलकेच मोडून काढला, पाकळी न फाटता. गाडीवाल्या बाई बघत होत्या. त्यांनी मान डोलावली, आणखी दोन फुलं जुडीत घातली.

आता पीठ. सुपरमार्केटात हरभऱ्याच्या जातीच्याच काबुली चण्यांचं पीठ सहज मिळालं, कारण या गावाचा अर्धा जीव त्या पिठात आहे. दुपारी आमच्याकडे फुलांची भजी झाली. ओवा नव्हता, जिरं होतं. आईने कमी तेलात, झडपा सताड उघड्या टाकून तळली, शेजाऱ्यांना वास नको म्हणून. अशा इमारतीत खालीवर गावातलीच माणसं राहतात. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांमुळे गावकऱ्यांना राहायला घरं मिळत नाहीत, ही इथली खरी तक्रार आहे. म्हणून नीसमध्ये अशा घराला नोंदणी क्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत द्यावा लागतो. घर घेताना तो क्रमांक आहे ना, हे मी आधी पाहिलं होतं. पाहुण्यांनी निदान एवढं करावं, आणि रात्री दहानंतर आवाज करू नये.

भजी करण्याआधी, सकाळीच, आम्ही किल्ल्याच्या टेकडीवर जाऊन आलो होतो. समुद्राच्या बाजूने फुकट लिफ्ट आहे, म्हणून आईला जमलं. वर किल्ला नाही. चौदाव्या लुईने १७०६ मध्ये तो पाडून टाकला. राहिल्या आहेत त्या काही भिंती, झाडं, एक मोठा धबधबा, आणि खाली पसरलेला देवदूतांचा उपसागर. आईने बराच वेळ पाणी पाहिलं, मग विचारलं, "ओहोटी कधी लागते इथे?" भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, वीत-दीड वीत पाणी हलतं एवढंच. हर्णैला ओहोटीच्या वेळी पाणी दूर मागे जातं आणि होड्या वाळूत टेकतात, हे पाहत वाढलेल्या बाईला हा समुद्र कोड्यातच पाडणार. "मग किनाऱ्याला कळतं कसं किती वाजले?" ती म्हणाली.

आणि बारा वाजता टेकडीवरूनच तोफ उडाली, आता अगदी जवळून. तिची गोष्ट अशी सांगतात. १८६० च्या दशकात इथे थॉमस कोव्हेंट्री नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ हिवाळ्याला राहत. त्यांची बायको सकाळी फिरायला जाई ती गप्पांत रमून जेवायची वेळ चुकवी. त्यांनी गावाकडून परवानगी काढली आणि दुपारची तोफ सुरू केली, बायकोला घरी बोलवायला. ते गेल्यावर गावाला चुकल्यासारखं वाटू लागलं, म्हणून नगरपालिकेने ती पुढे चालू ठेवली. आता तोफेऐवजी आतषबाजीचा बार असतो, पण रोज, बाराला.

आईला ही गोष्ट फार आवडली. उरलेले दिवस आम्ही तोफ झाली की जिथे असू तिथून घराकडे वळायचो, आणि ती चालता चालता बाबांना फोन लावायची.

संध्याकाळी गॅरिबाल्डी चौक. कमानींच्या पिवळ्या-लाल इमारतींमध्ये पुतळा आहे. आई त्याच्यासमोर उभी राहिली आणि वर्गात सांगावं तशी सांगू लागली. मॅझिनी, काव्हूर, गॅरिबाल्डी ही इटलीच्या एकीकरणाची तीन नावं तिने तीस वर्षं फळ्यावर लिहिली. गॅरिबाल्डीचा जन्म नीसचा, १८०७ चा. तेव्हा हे फ्रेंच सत्तेखाली होतं, मग सार्डिनियाच्या राज्यात गेलं, आणि १८६० मध्ये काव्हूरने फ्रान्सच्या मदतीच्या बदल्यात ते फ्रान्सला दिलं. गॅरिबाल्डीने काव्हूरला हे कधी माफ केलं नाही. "ज्याने इटली जोडली त्याचंच गाव इटलीबाहेर राहिलं. हे मी शिकवलं, पण ते गाव असं असेल असं कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं." जुन्या गावातल्या रस्त्यांच्या पाट्या आजही दोन भाषांत आहेत, फ्रेंच आणि इथली बोली नीसार्द. आईने दोन्ही अक्षरं लावून वाचल्या.

मग सोका. काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. पातळ पीठ हातभर रुंदीच्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत ढकलतात, वरून करपट डाग पडले की काढतात, ओरबाडून तुकडे करतात आणि वर मिरपूड. हाताने खायचं. पूर्वी हा मजुरांचा, कोळ्यांचा सकाळचा आधार होता. आईने पहिला घास घेतला आणि सरळ म्हणाली, "अगं, हे आपलं बेसनाचं धिरडं. फक्त कांदा घालायला विसरलेत." तिने दुसरी बशी मागवली.

बुधवार

बसने सिमिएच्या टेकडीवर. एकेकाळी इथे रोमन गाव होतं, सेमेनेलम; त्याचं छोटं अँफिथिएटर, म्हणजे गोलाकार खुलं प्रेक्षागृह, आणि स्नानगृहांचे अवशेष अजून आहेत. बाजूला ऑलिव्हची बाग, आणि बागेत लाल रंगाचा सतराव्या शतकातला वाडा, त्यात चित्रकार मातीसचं संग्रहालय.

हान्री मातीस नीसला १९१७ मध्ये आला तेव्हा दिवसेंदिवस पाऊस कोसळत होता. कंटाळून परत जायचं ठरवलं, आणि वारा फिरून आभाळ स्वच्छ झालं. मग तो १९५४ मध्ये मरेपर्यंत मुख्यतः या गावातच राहिला. त्यातला बराच काळ कूर सालेयाच्या टोकाच्या पिवळ्या इमारतीतल्या भाड्याच्या घरात. आम्ही रोज भाजी घेतो त्याच चौकात, वरच्या मजल्यावर. आईला हे सांगितल्यावर तिने चित्रं वेगळ्या नजरेने पाहिली. डाळिंबांचं एक चित्र आहे, १९४७ चं: टेबलावर डाळिंबं आणि मागे खिडकी. "त्या चौकातलीच डाळिंबं," ती ठामपणे म्हणाली. तेव्हा मातीस दुसरीकडे राहत होता, पण मी काही बोलले नाही. शेवटच्या वर्षांत आजारपणामुळे उभं राहून रंगवणं जमेना तेव्हा तो रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं करू लागला. त्यांतलं फुला-फळांचं भिंतभर काम इथे आहे. आई त्याच्यासमोरच्या बाकावर किती वेळ बसली ते मी मोजलं नाही. गुडघ्यांमुळे तिचं विणकाम सुटलेलं नाही, पण बोटांमुळे सुटतंय. ती काही म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर रेजिना ही भली मोठी इमारत दिसते. समोर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा. हॉटेल असताना १८९७ पासून राणी हिवाळ्याच्या शेवटी इथे उतरत असे, आणि त्या वर्षी आग्र्याहून गेलेला तिचा मुन्शी अब्दुल करीमही बरोबर होता. त्याला सोबत नेण्यावरून राणीच्या दरबारातल्या मंडळींनी नोकरी सोडण्याची धमकी दिली होती, तरी राणीने ऐकलं नाही. पुढे हॉटेलाची घरं झाली आणि त्यांतलं एक १९३८ मध्ये मातीसने घेतलं. आईने विचारलं, "त्या मुन्शीला इथे जेवायला काय मिळत असेल?" मला हा प्रश्न कधी सुचला नसता.

तोफ आम्हाला सिमिएतच ऐकू आली, लांबून. त्या दिवशी जेवायला उशीर झाला. वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या, घरचं तूप.

गुरुवार

आगगाडीने व्हिलफ्रांशला. सात मिनिटांचा प्रवास. पूर्वेकडे जाताना उजव्या हाताला बसावं, बोगद्यातून बाहेर पडलं की खालीच उपसागर. स्टेशनच्या पायथ्यालाच किनारा आहे आणि तिथे भरड का होईना, वाळू आहे. नीसच्या किनाऱ्यावर सगळे गोटे, मुठीएवढे गुळगुळीत. लाट मागे जाताना ते एकमेकांवर घरंगळतात आणि खळाळ असा आवाज येतो, पण अनवाणी चालवत नाही. इथे आई पाण्यात गेली, गुडघाभर, साडी वर खोचून. बाकी काही केलं नाही आम्ही. डबा आणला होता.

शुक्रवार

पाऊस. झडपांमधून पाणी आत येईल म्हणून त्या ओढून घेतल्या आणि दिवा लावून बसलो. कपडे धुतले. यंत्र स्वयंपाकघरातच ओट्याखाली होतं, वाळवायला घडीचा स्टँड. आईने झडपेचा खालचा भाग उचलून समोरच्या घरातल्या बाईने दोरीवरचे कपडे कसे झपाझप आत ओढले ते पाहिलं. सोमवारचं पोस्टकार्ड तिने परत काढलं.

दुपारी पाऊस थांबला तेव्हा एकदा शेवटचं म्हणून प्रोमनादवर गेलो. १४ जुलै २०१६ च्या रात्री, राष्ट्रीय दिनाची आतषबाजी संपल्यावर, याच रस्त्यावर एका माणसाने गर्दीत ट्रक घातला. ८६ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही. त्यांचं स्मारक समुद्राकाठी आहे. आम्ही सोमवारी रात्री ज्या खुर्च्यांवर दूध प्यायलो त्या याच रस्त्यावरच्या. आई स्मारकापाशी चपला काढून उभी राहिली. ओल्या रस्त्यावरून मुलं सायकली चालवत होती.

शनिवार

दहाला घर सोडायचं होतं. आईने ओटा पुसला, भांडी जागेवर लावली, फरशीवरून ओलं फडकं फिरवलं. घर स्वच्छ करायचे पैसे आधीच भरलेत हे सांगूनही ऐकलं नाही. उरलेलं तूप बाटलीत भरून तिने फ्रीजमध्ये ठेवलं आणि माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली: हे लोणी कढवून केलं आहे, पावाला लावून खा. काबुली चण्याच्या पिठाचं अर्धं पाकीट मात्र बॅगेत घेतलं, बाबांना इथल्या पिठाचं धिरडं करून घालायला.

विमान दुपारी उशिराचं. बॅगा घेऊन मासेना चौकात बाकावर बसलो. ऊन पडलं होतं. मी गळ्यातला रिकामा गोफ काढून पर्समध्ये टाकला, किल्ली खालच्या पेटीत ठेवून आले होते. आई फोन हातात धरून बसली होती, लावत नव्हती.

तोफ झाली. कबुतरं उडाली. आईने घड्याळ पाहिलं, म्हणाली, "साडेतीन," आणि नंबर लावला.